एक-सप्तमांशावरची हातोडी: पाठ्यपुस्तकातल्या पियानोचं परीक्षण

बी.एस्सी.ला ध्वनी किंवा लहरी-कंपनांचा पेपर दिलेल्या प्रत्येकाने हे विधान कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पियानोची हातोडी तारेच्या एका टोकापासून एक-सप्तमांश अंतरावर मारतात, कारण तिथे सातव्या हार्मोनिकचा नोड असतो. त्यामुळे तो बेसूर हार्मोनिक निर्माणच होत नाही आणि स्वर गोड लागतो. दोन मार्कांचा प्रश्न, दोन ओळींचं उत्तर.

आज या दोन ओळींचंच परीक्षण करायचं आहे. पुस्तकाचं नाव घेत नाही, कारण हे विधान एका पुस्तकाचं नाहीच. ते एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून गाइडमध्ये आणि गाइडमधून तोंडी परीक्षेत जातं. गेल्या वर्षी लाखनीकडचा माझा एक ज्युनिअर पीएच.डी.च्या मुलाखतीला गेला होता. त्याला हाच प्रश्न आला. तो म्हणाला, "सर, मी पियानो पाहिलेला नाही. पण हातोडी एक-अष्टमांशावर असली तर आठवा हार्मोनिक जाईल ना? तो तर सुरातच आहे, मग त्याला का घालवायचं?" त्याला पुस्तक नीट वाचून यायला सांगितलं गेलं. माझ्या मते त्या खोलीत त्या दिवशी विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न त्याचा होता, आणि त्याला उत्तर मिळायला हवं होतं.

आता आपल्या भागाची अडचण सांगतो. भंडारा जिल्ह्यात 'पियानो' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कॅसिओ येतो. झाडीपट्टीच्या नाटकांना लोक रात्रभर बसतात, तिथे ऑर्गन ऐकलेला असतो. पण पायपेटी असेल तर तिच्यात पितळी पत्ती कंपते, आणि इलेक्ट्रॉनिक असेल तर काहीच ठोकलं जात नाही. तार आणि हातोडी दोन्हींकडे नाही. म्हणजे आपला विद्यार्थी पियानोबद्दल जे शिकतो ते शंभर टक्के छापील कागदावरून. अशा वेळी कागद तपासायचा कसा? वाद्य समोर नसलं तरी बरंच तपासता येतं, हे मला दाखवायचं आहे.

आधी वाद्य समजून घेऊ. पुस्तकात भागांची यादी असते, कोणता भाग का आहे हे नसतं. पियानोला ८८ पट्ट्या. सगळ्यात खालचा स्वर २७.५ हर्ट्झ, सगळ्यात वरचा सुमारे ४१८६ हर्ट्झ. गुणोत्तर साधारण १५२. आता तारेचं सूत्र आठवा: वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात आणि ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. सगळ्या तारा एकाच जाडीच्या आणि एकाच ताणाच्या ठेवल्या आणि वरची तार ५ सेंटिमीटरची घेतली, तर खालची येते ७.६ मीटर. एवढा पियानो ठेवायला एसटीचा डेपो लागेल. म्हणून खालच्या तारांवर तांब्याची तार गुंडाळून त्या जड करतात. मोठ्या पियानोतही सगळ्यात लांब तार दोन मीटरच्या आसपासच असते. वजन वाढवलं, लांबी वाचली. जाड पोलादी तारच का वापरत नाहीत? कारण जाड तार काडीसारखी ताठ होते, आणि ताठपणाने काय होतं ते पुढे येईलच.

तारा २३० च्या आसपास असतात, कारण मधल्या आणि वरच्या प्रत्येक स्वराला तीन-तीन. एका तारेवर साधारण ७० ते ९० किलो वजनाइतका ताण. गुणाकार केला की १८-२० टन होतात, म्हणजे धानाने भरलेल्या ट्रकचं वजन. हा ताण लाकूड पेलू शकत नाही, म्हणून आत बिडाची ओतीव चौकट असते. १८२५ साली बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने एकसंध ओतलेल्या चौकटीचं पेटंट घेतलं. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी, १७०० च्या सुमारास, फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने पियानो बनवला तेव्हा चौकट लाकडीच होती, तारा बारीक होत्या आणि आवाजही बेताचा होता. त्याचे तीन पियानो आजही शिल्लक आहेत. भंडाऱ्यात पितळेचं काम चालतं, त्यामुळे ओतकाम म्हणजे काय हे इथल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. पियानोचा मोठा आवाज हा बराचसा ओतकामाचा आवाज आहे.

तारा एका लांब लाकडी घोडीवरून जातात आणि घोडी साउंडबोर्डवर चिकटवलेली असते. साउंडबोर्ड म्हणजे स्प्रूस लाकडाची जेमतेम ८-१० मिलिमीटर जाडीची मोठी पाटी. ही पाटी हवेतली ओल शोषून फुगते, घोडी वर ढकलली जाते, तारांचा ताण वाढतो आणि स्वर चढतात, उन्हाळ्यात उलटं. मे महिन्यात आपल्याकडे जी कोरडी आग असते आणि जुलैत जी ओल येते, त्यात इथला पियानो वर्षभर एका सुरात राहणं कठीणच.

हातोडी मात्र थेट बोटाला जोडलेली नसते, आणि हे बहुतेक पुस्तकांत येत नाही. पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, हातोडी त्याच्या जवळजवळ पाचपट हलते, आणि तारेला लागण्याच्या किंचित आधी तिचा पट्टीशी संबंध सुटतो. शेवटचा टप्पा ती फेकलेल्या दगडासारखी जाते. वादकाच्या हातात उरतो तो फक्त तिचा वेग.

आता वाक्याकडे येऊ. त्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. तार ज्या बिंदूवर छेडली किंवा ठोकली जाते तिथे ज्या हार्मोनिकचा नोड, म्हणजे निस्पंद बिंदू असतो, तो हार्मोनिक निर्माण होत नाही. याला यंग-हेल्महोल्त्झचा नियम म्हणतात. गणितात प्रत्येक हार्मोनिकच्या वाट्याला एक साइन येतो: हार्मोनिकचा क्रमांक गुणिले पाय गुणिले ठोक्याच्या जागेचा अपूर्णांक, याचा साइन. सात गुणिले एक-सप्तमांश म्हणजे एक, पायचा साइन शून्य, सातवा गेला.

पण पियानोची हातोडी खरोखर एक-सप्तमांशावर असते का? सगळीकडे नाही. खालच्या आणि मधल्या तारांवर ती एक-अष्टमांशाच्या आसपास सापडते, आणि वर जावं तशी टोकाकडे सरकत एक-द्वादशांश किंवा त्याहूनही कमी होते. तोच साइन आता सातव्या हार्मोनिकसाठी काढा. एक-अष्टमांशावर ०.३८, एक-नवमांशावर ०.६४, एक-द्वादशांशावर ०.९७. म्हणजे वरच्या पट्ट्यांवर हातोडी अशा जागी आहे जिथे सातव्याला जवळजवळ पूर्ण जोर मिळतो. त्याला घालवण्यासाठीच जागा निवडली म्हणावं, तर कारागिरांनी निवड उलटी केली असं म्हणावं लागेल. आणि शेवटच्या सात पट्ट्यांवर तर सातवा हार्मोनिक २० हजार हर्ट्झच्या वर जातो, तो माणसाला ऐकूच येत नाही.

माझ्या ज्युनिअरचा प्रश्न इथेच बसतो. एक-अष्टमांशावर जो जातो तो आठवा हार्मोनिक. आठवा म्हणजे मूळ स्वराच्या तीन सप्तकं वरचा षड्ज, सगळ्यात सुरेल. वाक्यातलं कारण खरं असतं तर त्या जागेला कारागिराने हात लावला नसता.

मग हे आलं कुठून? माग काढला की आपण हेल्महोल्त्झपर्यंत पोहोचतो. स्वरसंवेदनांवरचा त्याचा ग्रंथ १८६३ चा. त्याने मधल्या सप्तकांसाठी एक-सप्तमांश ते एक-नवमांश असा पट्टा सांगितला, एक बिंदू नाही. कारागीर सिद्धांताने नव्हे, तर कानाने आणि पिढ्यांच्या अनुभवाने तिथे आले, हेही त्याने मान्य केलं. सातवा आणि नववा कमजोर होण्याचा फायदा त्याने त्यानंतर जोडला. पुढे लंडनच्या ब्रॉडवूड कंपनीतले ए. जे. हिपकिन्स यांनी १८८० च्या दशकात रॉयल सोसायटीकडे हार्मोनिक्सवरचं एक टिपण दिलं, त्याच्या शीर्षकातच तार एक-अष्टमांशावर ठोकलेली आहे. पियानोच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने तपासायला ही जागा घेतली. पाठ्यपुस्तकाने पट्ट्याचा बिंदू केला, अनुभवाचं प्रयोजन केलं आणि 'कमजोर होतो'चं 'नाहीसा होतो' केलं. तीन छोटे बदल, आणि प्रत्येक वेळी वाक्य पाठ करायला सोपं झालं.

'बेसूर' या शब्दावरही थोडं बोलू. सातवा हार्मोनिक कोमल निषादाच्या जवळ पडतो, पियानोच्या समविभागी कोमल निषादापेक्षा सुमारे ३१ सेंट खाली. (१२०० सेंट म्हणजे एक सप्तक.) पण हे आदर्श, लवचिक तारेसाठी. खरी पोलादी तार ताठ असते, त्यामुळे वरचे हार्मोनिक थोडे थोडे चढत जातात. मी मधल्या षड्जाजवळची एक तार कागदावर घेतली: जाडी १ मिलिमीटर, लांबी ६५ सेंटिमीटर, ताण ७०० न्यूटन. मूळ वारंवारता येते २५९ हर्ट्झ. ताठपणाचं पद घातलं की सातवा ०.८ टक्के, म्हणजे सुमारे १४ सेंट चढतो, आणि कोमल निषादापासूनचं त्याचं अंतर ३१ वरून १७ वर येतं. म्हणजे ज्याला बेसूर म्हणून हाकलायचं होतं तो पियानोत जवळजवळ अर्धा सुरात आलेला असतो. हा हिशोब तुम्हीही करून पाहा, एका पानाचा आहे. आदर्श तारेचं उत्तर खऱ्या वाद्यावर जसंच्या तसं चिकटवलं की काय होतं ते त्यातून दिसतं.

आता दुसऱ्या बाजूलाही धरतो. या वाक्यावर टीका करणारेही असतात, आणि त्यांचा नेहमीचा मुद्दा असा: हातोडी म्हणजे बिंदू नाही, ती सेंटिमीटरभर रुंद असते, शिवाय ती लगेच सुटत नाही, म्हणून नियम लागू होत नाही. ऐकायला पटतं. दुसरी गोष्ट तर खरीच आहे. वरच्या तारेत लहर सेकंदाला सुमारे ३३७ मीटर जाते. हातोडीपासून जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला तिला अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो, आणि हातोडी तारेला साधारण दोन मिलिसेकंद चिकटलेली असते. म्हणजे ती सुटायच्या आधी लहर तीन-चार वेळा येऊन धडकते. तरीही नियम मोडत नाही! एखाद्या हार्मोनिकला मिळणारं बळ म्हणजे हातोडीचं बळ गुणिले त्या जागी त्या हार्मोनिकच्या आकाराची उंची. नोडवर उंची शून्य. शून्याला कितीही वेळ, कितीही चढउतार असलेल्या बळाने गुणा, शून्यच. रुंदीचंही तसंच: नोडच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा असेल तर डावीकडचं आणि उजवीकडचं एकमेकांना खोडतं. झिजून एका बाजूला खाच पडलेल्या हातोडीने थोडं उरेल, एवढंच. ताठपणानेही नोड हलत नाहीत, टोकं बिजागरीसारखी धरलेली असली तर. निष्कर्ष चुकीचा आहे म्हणून त्याच्याविरुद्धचा प्रत्येक मुद्दा बरोबर ठरत नाही. चर्चासत्रात मी हे वारंवार पाहतो, आणि संशोधनाच्या वाटेवर असलेल्या मुलांनी हे जास्त लक्षात ठेवायला हवं.

हातोडीचा खरा परिणाम कुठे आहे? फेल्टमध्ये. फेल्ट दाबला की अधिकाधिक कडक होतो. हळू वाजवलं तर तो मऊ राहतो, संपर्क लांबतो आणि वरचे हार्मोनिक उठत नाहीत; जोरात वाजवलं तर संपर्क छोटा आणि स्वर झळझळीत. म्हणून पियानो मोठा वाजला की नुसता मोठा होत नाही, त्याचा रंगही बदलतो. कारागीर फेल्टला सुया टोचून तो मऊ करतात. ठोक्याची जागाही, विशेषतः वरच्या पट्ट्यांत, हातोड्यांची अख्खी यंत्रणा थोडी आत-बाहेर सरकवून कानाने ठरवतात. हातोडीचं वजन, फेल्टचा कडकपणा आणि ठोक्याची जागा या तिघांची सांगड आहे ती. एका हार्मोनिकला हाकलण्याचा हिशोब त्यात दिसत नाही.

मग नियम मोडतो कुठे? टोकांवर. नियमाने गृहीत धरलंय की तारेची टोकं पूर्ण स्थिर आहेत. पियानोत घोडी थोडी हलतेच. नाही हलली तर साउंडबोर्ड हलणार नाही आणि वाद्य ऐकूच येणार नाही. नियम शंभर टक्के पाळणारा पियानो मुका असेल. पण तारेच्या मानाने घोडी फार जड असल्याने हे हलणं इवलंसं असतं, आणि तार तिथे खिळ्यांमधून वळवून नेल्यामुळे तिचं टोक एका ठरलेल्या जागी संपतं. म्हणून पियानोत नियम बराचसा पाळला जातो: नोडवरचा हार्मोनिक क्षीण, पण शून्य नाही.

आता मिरजेला जाऊ. मिरजेच्या तानपुऱ्याची घोडी नेमकी उलटी आहे. ती रुंद असते, वरून हलकासा बाक दिलेली, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी खोलतात. कंप पावताना तार घोडीच्या त्या बाकावर टेकते, उठते, परत टेकते. तारेचं टोक कुठे आहे हेच क्षणाक्षणाला बदलतं. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरच्या छोट्याशा निबंधात दाखवलं की तानपुरा आणि वीणा यंग-हेल्महोल्त्झचा नियम पाळत नाहीत; नोडवर छेडलं तरी तो हार्मोनिक ऐकू येतो. आपण तानपुरा तारेच्या मध्याजवळ छेडतो. नियमाने सम क्रमांकाचे हार्मोनिक मरायला हवेत, पण ते ठणठणीत असतात. पाचव्या हार्मोनिकचा गंधार तर गवयांना इतका प्रिय की त्याला स्वयंभू म्हणतात. आणि तो 'बेसूर' सातवा? त्याला घालवण्यासाठी मिरजेत कोणी घोडी घासत नाही. जवारीचं सगळं काम वरचे हार्मोनिक उजळवण्याचंच आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बातम्यांत भोपळ्याबद्दल आणि कारागिरांच्या पिढ्यांबद्दल आलं. घोडीच्या बाकाबद्दल अजून लिहायला हवं, असं मला वाटतं.

यातली आणखी एक गोष्ट. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२० साली, रामन यांनी भवोनाथ बॅनर्जी यांच्यासोबत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात पियानोच्या हातोडीच्या आघातावर निबंध लिहिला होता. विषय होता काउफमनचा १८९५ चा सिद्धांत. आधी पियानोची हातोडी, मग तानपुऱ्याची घोडी, माणूस एकच. कलकत्त्याला स्थिरावण्यापूर्वी अर्थखात्याच्या नोकरीत ते काही काळ नागपूरलाही होते, म्हणजे आपल्यापासून तासा-दीड तासावर. आपल्या पुस्तकांत रामन येतात ते प्रकाशाच्या विकिरणासाठी. ध्वनीच्या धड्यात, जिथे त्यांचं काम या वाक्याला थेट छेद देतं, तिथे त्यांचं नाव सहसा नसतं. एखाद्या धड्यातून काय वगळलं गेलं हे पाहणं हाही परीक्षणाचाच भाग आहे, आणि माझी या वाक्यावरची खरी तक्रार इथे आहे. ते चुकीचं आहे यापेक्षा, त्याने एक जिवंत प्रश्न दोन मार्कांत मिटवून टाकला.

ज्यांना हात घालून पाहायचंय त्यांच्यासाठी: कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोनोमीटर असतोच. त्याच्या पाचरी धारदार असतात, म्हणजे टोकं पियानोसारखी ठरलेली. ७० सेंटिमीटर तार घ्या, १० सेंटिमीटरवर छेडा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीत वर्णपट काढा. मग ८.७५ सेंटिमीटरवर छेडा, मग ५.८ वर. प्रत्येक वेळी सातव्याची उंची पहिल्याच्या तुलनेत लिहा. मग एक पाचर काढून तिच्या जागी सपाट, किंचित गोलसर घासलेला लाकडाचा तुकडा ठेवा, तारेखाली सुताचा दोरा घाला आणि तेच सगळं पुन्हा करा. दोऱ्याची जागा मिलिमीटरमध्ये नोंदवा, कारण तिथे थोड्याशाने फरक पडतो. दहा रेकॉर्डिंगची सरासरी आणि तिचा विखार दोन्ही द्या. दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवून जे दिसेल ते मला पाठवा, पुढच्या लेखात त्यावरच बोलू.